अपडेटनंतर फोन अडकतोय, तापतोय: सॉफ्टवेअर मारण्याआधी हे तपासा

“काल रात्री अपडेट मारलं आणि सकाळपासून फोन चालेना.” कराडमधल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य वर्षानुवर्षं येतंय. त्यापाठोपाठ दुसरंही ठरलेलं असतं: “एकदा सॉफ्टवेअर मारून द्या, म्हणजे सुटलं.” सुरुवातीच्या काळात मीही ऐकायचो, फ्लॅश करून, म्हणजे फोनाचं सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकून द्यायचो आणि पंधरा दिवसांत तोच फोन परत यायचा. बहुतेक फोनांना फ्लॅशिंगची गरजच नसते. ज्यांना खरंच दुखणं असतं, त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं फ्लॅशिंगने जात नाही. म्हणून आता मी फुकटच्या तपासण्या आधी करतो आणि फोन खोलायचं काम सगळ्यात शेवटी ठेवतो. तोच क्रम इथे देतोय.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

• अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन कोमट राहतो, बॅटरी भराभर उतरते, ॲप उघडायला वेळ लागतो.
• कीबोर्ड उशिरा वर येतो. टाइप केलेली अक्षरं मागाहून एकदम उमटतात.
• एखाद्या ॲपमध्ये फॉर्म भरताना फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि परत आलं, की फॉर्म कोरा.
• बॅटरी ३० टक्के दाखवत असताना फोन बंद पडतो. चार्जर लावला की पुन्हा ३० टक्के दिसतात.
• पाच-सहा ॲप उघडताक्षणी बंद होतात.
• नवा, महागडा फोन पहिली दहा मिनिटं सुसाट चालतो, मग गेम अडखळतो आणि स्क्रीन आपोआप मंद होते.
• कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर) टाकल्यावर फोन हलका वाटतो, पण बँकेचं ॲप चालत नाही, फोटो फिके येतात.

जुन्या आणि नव्या फोनात फरक कुठे पडतो

अपडेट तेच असलं तरी दोन फोनांवर त्याचा परिणाम वेगळा होतो. जुन्या आणि स्वस्त फोनात साठवणुकीची चिप ईएमएमसी प्रकारची असते. ती एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम नाही. नव्या मध्यम आणि वरच्या फोनांत यूएफएस असते, ती दोन्ही कामं एकाच वेळी करते. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, यूएफएस ३.१ ची २,९०० एमबी. अपडेटने सिस्टीम जड झाली की जुन्या फोनात पहिला चोंदतो तो हा रस्ता. प्रोसेसर बिचारा माल यायची वाट बघत बसलेला असतो. नव्या फोनात रस्ता रुंद असतो, तिथे आडवी येते ती उष्णता.

हे नुसतं आपल्या दुकानदारांचं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. गॅलॅक्सी नोट ४ वर नोट ७ साठी बनवलेलं अपडेट, आणि आयफोन ६ वर आयफोन ७ डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आयओएस १०, ग्राहकांना पुरेशी कल्पना न देता टाकायला लावलं, असा त्यातला ठपका होता.

१. दोन-तीन रात्री थांबा

खर्च शून्य. तरीही हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.

अँड्रॉइड आपली ॲप त्या त्या फोनाच्या प्रोसेसरसाठी आधीच तयार करून ठेवतं, म्हणजे उघडताना वेळ जात नाही. मोठं अपडेट आलं की ही जुनी तयारी बाद होते. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, नवी तयारी फोन चार्जिंगला असताना आणि स्क्रीन बंद असताना मागच्या मागे चालते. गॅलरीची फेरनोंदणीही त्याच वेळी. आयफोनातही अपडेटनंतर फोटो आणि शोधाची यादी नव्याने बनते. नव्या फोनात हे एका रात्रीत उरकतं, जुन्याला दोन-तीन रात्री लागतात.

म्हणून रात्री चार्जर आणि वायफाय लावून फोन बाजूला ठेवा. दर तासाला रीस्टार्ट करू नका. सगळी ॲप सरकवून सरकवून बंदही करू नका, कारण प्रत्येक ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडावं लागतं आणि कमी रॅमच्या फोनाला तेच जड जातं.

तीन रात्रींनंतरही तेच हाल असतील तर पुढे चला.

२. जागा मोकळी करा

सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा. १० ते १५ टक्के जागा रिकामी नसेल, तर दुसरं काही तपासण्यात अर्थ नाही.

कारण असं. फ्लॅश मेमरीत, म्हणजे याच साठवणुकीच्या चिपमध्ये, लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा कप्पा पुसावा लागतो, मग लिहायचं. रिकामे कप्पे शिल्लक असतात तोवर चिप हे काम सवडीने करते. जागा भरत आली की तुम्ही अक्षर टाइप करताय त्याच क्षणी तिला कप्पे रिकामे करावे लागतात, आणि कीबोर्ड अडकतो. गूगलच्या २०१२ च्या नेक्सस ७ टॅब्लेटचं दुखणं याच जातीचं होतं. कोणते कप्पे आता कामाचे नाहीत हे सिस्टीम चिपला सांगतच नव्हती, म्हणून वापरता वापरता तो मंदावत गेला. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ ने ती सोय आणली आणि तेच यंत्र पुन्हा चालायला लागलं. सॉफ्टवेअर बदलून जुनं यंत्र खरोखर सुधारल्याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

आपल्याकडे जागा खाणारं पहिलं ॲप म्हणजे व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचा भाग आहे, तिथे मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. शुभसकाळचे व्हिडिओ आणि दहा ग्रुपांवर आलेली तीच पीडीएफ तिथून काढा. गॅलरीतून काढलेले फोटो कचरापेटीत काही दिवस पडून असतात, तीही रिकामी करा.

याच पायरीत एक बटण बघा. व्हर्च्युअल रॅम, रॅम प्लस, मेमरी एक्स्टेन्शन, कंपनीगणिक नाव वेगळं. अपडेटबरोबर ते पुष्कळदा आपोआप चालू होतं. त्याने रॅम वाढत नाही. साठवणुकीतला एक भाग रॅमसारखा वापरला जातो. यूएफएस असलेल्या नव्या फोनात त्याचा त्रास जाणवत नाही. ईएमएमसीवर मात्र आधीच चोंदलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडल्यासारखं होतं. जुन्या फोनात ते बंद करा, रीस्टार्ट करा आणि दोन दिवस फरक बघा.

खरिपात पीक पाहणीच्या दिवसांत एक काका फोन घेऊन आले होते. शेतात उभं राहून माहिती भरायची, पिकाचा फोटो काढायचा, परत येऊन बघतात तर सगळं कोरं. चार वेळा बांधावर जाऊन आले होते. ॲपचा दोष नव्हता. फोनात ३ जीबी रॅम आणि जेमतेम ४०० एमबी जागा शिल्लक. कॅमेरा उघडला की रॅम पुरत नव्हती, म्हणून सिस्टीम मागचं ॲप मारून टाकत होती. जागा केली, व्हर्च्युअल रॅम बंद केली, एक क्लीनर ॲप काढलं. दुसऱ्या दिवशी शेतातूनच त्यांचा फोन आला, नोंद झाली म्हणून. एक पैसाही खर्च झाला नाही.

३. वेबव्ह्यू आणि क्रोम अद्ययावत करा

हे फक्त “ॲप उघडताक्षणी बंद” असं लक्षण असणाऱ्यांसाठी. खूपशी ॲप आपल्या आत वेबपानं दाखवायला अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू नावाचा एकच सामायिक भाग वापरतात. मार्च २०२१ मध्ये त्यातल्या एका बिघाडाने जगभर जीमेलसकट असंख्य ॲप बंद पडत होती. त्या दिवशी फोन फॅक्टरी रीसेट करणाऱ्यांचा डेटा विनाकारण गेला. दुरुस्ती होती वेबव्ह्यू आणि क्रोमच्या नव्या आवृत्तीत. प्ले स्टोअरमध्ये दोन्ही शोधा, अपडेट दिसत असेल तर टाका.

४. सेफ मोडमध्ये चालवून बघा

पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’ आलं की त्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोन सेफ मोडबद्दल विचारतात. काही कंपन्यांची पद्धत वेगळी आहे. या अवस्थेत तुम्ही टाकलेली सगळी ॲप झोपलेली असतात. इथे फोन नीट चालला तर सिस्टीम आणि हार्डवेअर बहुतेक ठीक आहेत, चोर टाकलेल्या ॲपांत आहे.

मला सापडणारे चोर ठरलेले: क्लीनर, बॅटरी वाचवणारे, रॅम बूस्टर, फुकटचे लाँचर. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या यादीतही डोकवा. तिथे परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरची हालचाल सतत वाचत असतं आणि कमजोर फोन त्यानेच अडकतो. अनोळखी नाव दिसलं तर परवानगी काढाच. फसवणूक करणारी ॲपही याच वाटेने शिरतात.

डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ॲनिमेशन ०.५ करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. करायला हरकत नाही. काम लवकर होत नाही, फक्त सरकण्याचा देखावा आटोपता होतो. जुन्या फोनावर तेवढंही बरं वाटतं. तिथलंच ‘बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट’ मात्र हलवू नका, मेसेज वेळेवर येणं बंद होईल.

५. बॅटरीचं वय बघा

जुन्या फोनात मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. लोकांना ते पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण त्यांच्या मते दुखणं अपडेटने सुरू झालेलं असतं.

लिथियम बॅटरी म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. मग प्रोसेसरने एकदम जोर मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. आत चार्ज असूनही फोन बंद पडतो. पहाटेच्या थंडीत हे जास्त होतं, कारण गारठ्यात रोध आणखी वाढतो. नवं अपडेट प्रोसेसरला जास्त राबवतं, म्हणून झाकलेलं दुखणं नेमकं त्याच आठवड्यात उघडं पडतं.

कधी कधी सॉफ्टवेअर मुद्दामच वेग कमी करतं. ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये आयफोन ६, ६एस आणि एसई यांच्यात ही व्यवस्था आणली, आयफोन ७ मध्ये ती आयओएस ११.२ पासून आली. बॅटरी थकली असेल तर प्रोसेसरचा जोर आवरायचा, म्हणजे फोन अचानक बंद पडणार नाही. लोकांना ते कळलं डिसेंबर २०१७ मध्ये. ॲपलने माफी मागितली, २०१८ भर बॅटरी बदलण्याचा दर उतरवला आणि मार्चमधल्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान दिलं. तेव्हा नवी बॅटरी घातली की तोच फोन पुन्हा वेगाने चालायचा. अपडेट मागे घ्यायची गरजच नव्हती. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए साठी काढलेल्या अपडेटनेही काही फोनांची बॅटरी कमी भरेल अशी मर्यादा घातली.

तपासायचं कसं? आयफोनात सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर ‘कमाल क्षमता’ बघा. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत, आयफोन १५ पासून १,००० चार्ज. ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदला. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत हा आकडा दिसत नाही. तिथे साधी खूण सांगतो: चार्जर लावून तेच ॲप तितक्याच चार्जवर चालवा. चार्जरवर सुरळीत आणि काढला की अडखळत किंवा बंद पडत असेल, तर संशय बॅटरीवर. तीन वर्षांपुढच्या फोनात मी आधी बॅटरी बदलतो आणि मगच सॉफ्टवेअरचा विचार करतो.

पाठीचं कव्हर उचललं गेलंय, स्क्रीन कडेने वर आली आहे? इथेच थांबा. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा, फोन दाबून बसवू नका, टोचू नका, सरळ दुरुस्तीला द्या.

६. नवा फोन असेल तर उष्णता

वरच्या वर्गातल्या फोनाचा प्रोसेसर थोडाच वेळ पूर्ण जोरात चालू शकतो. बहुतेक फोनांत पंखा नसतो. तापमान ठरलेल्या मर्यादेला गेलं की वेग उतरतो आणि ती मर्यादा सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून एका अपडेटने तोच फोन थंड पण मंद होतो, दुसऱ्याने वेगवान पण गरम. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या गेम सांभाळणाऱ्या सेवेवरून मोठा गदारोळ झाला. ती ॲपचा वेग आवरायची, पण वेग मोजणाऱ्या गीकबेंचला हात लावत नव्हती. गीकबेंचने एस१० ते एस२२ मालिकेतले फोन आपल्या यादीतून काढले आणि सॅमसंगने अपडेट देऊन निवड वापरणाऱ्याच्या हाती दिली. वेग मोजणाऱ्या ॲपचा आकडा बघून फोन बरा की बिघडलेला हे ठरवू नका, असं मी तेव्हापासून सांगतो.

जाड कव्हर काढा. चार्जिंगला लावून खेळू नका. परफॉर्मन्स किंवा बॅटरी मोड अपडेटने बदललाय का ते बघा. १२० हर्ट्झचा डिस्प्ले एक दिवस ६० वर ठेवून बघा. फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

फोन गार झाला की वेग परत येत असेल, तर बिघाड नाही, कंपनीने घातलेली मर्यादा आहे. पुढच्या अपडेटची वाट बघा. सेफ मोडमध्ये, स्क्रीन बंद असताना, खिशातल्या खिशात फोन तापत असेल, तर बोर्डवर विजेची गळती असू शकते. ते घरी सुटणारं काम नाही.

७. बॅकअप आणि फॅक्टरी रीसेट

आधीच्या आवृत्तीतून वाहत आलेली बिघडलेली सेटिंग रीसेटने साफ होतात. दोन मोठ्या आवृत्त्या ओलांडलेल्या फोनावर त्याचा खरा फायदा दिसतो. पण आधी तीन गोष्टी करा. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या ठिकाणी उघडतो का ते बघा. गूगल खात्याचा पासवर्ड खरंच आठवतो का ते तपासा. रिकव्हरीतून (फोन सुरू होताना बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) रीसेट केल्यावर फोन तेच खातं मागतो, आणि दुकानात लावून दिलेलं खातं कुणालाच आठवत नसतं. बँक आणि यूपीआय ॲपची नोंदणी पुन्हा करावी लागेल, तेव्हा सिम त्याच फोनात आणि चालू हवं.

रीसेटनंतर सगळी ॲप एकदम परत टाकू नका. दोन दिवस फोन जवळजवळ रिकामा चालवा. रिकामा असूनही तो अडकत असेल, तर चिप किंवा बॅटरी थकली आहे आणि पुढची पायरी तुम्हाला मदत करणार नाही.

८. कस्टम रॉम

सायनोजेनमॉड हा गाजलेला कस्टम रॉम बंद पडल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या जागी लिनिएजओएस उभं राहिलं. कंपनीने सोडून दिलेल्या फोनांना नवं अँड्रॉइड देणारी माणसं ते विनामोबदला करतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१७ मध्ये भारतात आलेला रेडमी नोट ४ कंपनीने अँड्रॉइड ७ वर थांबवला. रॉम बनवणाऱ्यांनी त्याला पुढची कित्येक वर्षं चालतं ठेवलं. कंपनीची लादलेली ॲप जातात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, फोन हलका वाटतो.

पण झिजलेली ईएमएमसी आणि थकलेली बॅटरी रॉमने तरुण होत नाही. २ जीबीच्या फोनावर आजचं अँड्रॉइड टाकलं तर आधीपेक्षा जास्त अडकेल. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर, उघडताना सगळा डेटा पुसला जातो. अनलॉकनंतर बऱ्याच फोनांत वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेचा दर्जा एल१ वरून एल३ वर येतो, म्हणून सिनेमे धूसर दिसतात. बँकेची पुष्कळ ॲप फोन असुरक्षित मानून उघडतच नाहीत. एका मुलाने आईच्या फोनात हौसेने रॉम टाकला आणि तिचा बचत गटाचा सगळा व्यवहार चार दिवस अडला. मूळ सॉफ्टवेअर परत टाकल्यावरच ॲप चालू झालं.

नव्या फोनात तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. तिथली कॅमेऱ्याची करामत कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती रॉममध्ये पूर्ण येत नाही. सॅमसंगमध्ये परका रॉम टाकला की नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, मूळ सॉफ्टवेअर टाकूनही तो परत येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या व्यवहाराच्या एकुलत्या एक फोनात रॉम टाकू नये. घरात पडून असलेल्या जुन्या फोनावर खुशाल शिका.

टाकणारच असाल तर दोन गोष्टी पाळा. जुन्या आवृत्तीवर मागे जाण्याआधी तुमच्या फोनात अँटी-रोलबॅक, म्हणजे जुनी आवृत्ती टाकू न देणारी सोय, आहे का ते बघा. असेल तर फोन तिथेच डेड होऊ शकतो. आणि रॉम आत असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. पूर्ण मूळ सॉफ्टवेअर टाकल्यानंतरच लॉक.

हात काढून दुकानात कधी यायचं

लोगोवर अडकलाय आणि आतला डेटा हवाय, तर रीसेट करू नका, फ्लॅशही नाही. रिकव्हरीत ‘माउंट होत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतोय, म्हणजे साठवणुकीची चिप जातेय. जितक्या वेळा चालू कराल, तितकी डेटा निघण्याची शक्यता घटते. फ्लॅशनंतर फोन पूर्ण डेड असेल तर बोर्डवरचे टेस्ट पॉइंट जोडून फोन जागा करायचं काम सराव असलेल्यालाच द्या. स्क्रीनवर अपडेटनंतर हिरवी रेघ आली तर कोणत्याही रीसेटने ती जाणार नाही, डिस्प्लेचा दोष आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात आधी विचारा, काही मॉडेलांना वॉरंटीनंतरही सवलत मिळाली आहे.

नेटवर्क गेलं आणि आयएमईआय (फोनाचा ओळख क्रमांक) दिसत नसेल, तर खोक्यावरचा नंबर आणि बिल घेऊन या. फोनाचा मूळ नंबरच परत आणायचा असतो. कुणी दुसरा नंबर टाकून देतो म्हणाला तर फोन उचला आणि निघा, तो गुन्हा आहे.

फोन देताना दुरुस्तीवाल्याला एवढं लिहून द्या: अपडेट कोणत्या दिवशी टाकलं, दुखणं कधी सुरू झालं, सेफ मोडमध्ये काय दिसलं, चार्जरवर काय दिसलं, बॅटरी कधी बदलली होती, आतला डेटा हवाय की नको. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. न तपासता थेट “सॉफ्टवेअर मारतो” म्हणाला, तर आधी दुसरी बॅटरी जोडून बघायला सांगा. बहुतेक मॉडेलांत त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात.